बाकाखालचा चौथा

१

सोनाळ्याहून गोव्याची मोटार सकाळी सातला सुटणार होती आणि पुंजाजी पाचपासूनच कावलेला होता. चहा गोड झाला होता, टोपी रात्री धुतलेली ती अजून ओली होती, आणि मोटारीपुढं जमलेले इस्त्रीच्या कपड्यांतले बागायतदार बघून तर त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. सहलीचं नाव होतं काजू-लागवडीचा अभ्यास. सोनाळ्याच्या काळ्या जमिनीत काजू लावणारे हे तीस जण. त्यातल्या एकानंही काजूचं झाड बघितलं नव्हतं आणि बघायची कोणाला घाईही नव्हती. पोर्तुगीज जाऊन सव्वादोन वर्षं झाली होती, तरी गोवा म्हणजे परमुलूखच. आपल्याकडं दारूबंदी, बाटली सापडली की हातात बेड्या. तिकडं म्हणे किराणा दुकानात तेलाच्या डब्याशेजारी काजूची दारू अन् द्राक्षाची वाईन मांडून ठेवतात. एवढं कानावर आल्यावर अभ्यासाला माणसं कमी पडत नाहीत.

सहल काढली होती पंजाबरावनं. सहा बैलजोड्यांचा धनी, गळ्यात सोन्याची साखळी, बोलणं गोड. त्यानं आपल्यासोबत दोघांना घेतलं होतं. एक गफ्फार कल्हईवाला, कारण गोव्यात दारू गाळायची तांब्याची भांडी कशी जोडतात ते गफ्फारनं डोळ्यांनी बघावं अशी त्याची इच्छा होती. दुसरा पुंजाजी. पुंजाजीला काऊन घेतलं हे कोणी विचारलं नाही. पुंजाजीचा धाकटा भाऊ कडूबा मार्गशीर्षात पंजाबरावच्या मळ्याजवळ मेला होता. तेव्हापासून पुंजाजी पंजाबराव दिसला की रस्त्यावर थुंकायचा. पंजाबराव स्वतः घरी येऊन म्हणाला होता, चला, समुद्र दाखवतो, मन हलकं होईल.

तिघांना सगळ्यात मागचं बाक मिळालं. पंजाबराव बसता बसता थबकला.

"तीन होतात आपन. तिगाडा नको. पुंजाजीभाऊ, खालून एक गोटा उचला, चौथा होईल."

आमच्याकडं ही रीतच आहे. तिघांनी मिळून कुठं निघू नये. निघावंच लागलं तर एक दगड सोबत घ्यावा आणि त्याला चौथा म्हणावं. शिकलेलेही करतात, फक्त हसत हसत करतात.

पुंजाजी खाली उतरला नाही. त्यानं पिशवीत हात घातला आणि फडक्यात बांधलेला एक काळा गोटा काढून दिला, पेरूएवढा.

पंजाबराव हसला. घरूनच आणला का, शहाणे आहात, असं म्हणून त्यानं तो हातात घेतला, फडकं सोडलं, गोटा बाकावर आपल्या शेजारी ठेवला आणि त्याच्यावर दोनदा थोपटलं.

"बस बे चौथ्या. लाजू नको. गोव्यात तुलेबी पाजतो."

पुंजाजीनं खिडकीबाहेर तोंड केलं. बोलावणं पंजाबरावच्याच तोंडून गेलं, हे बरं झालं.

२

तो गोटा कडूबाचा जीवखडा होता.

प्रेताभोवती फिरताना ज्या दगडानं मडक्याला भोक पाडतात तो हा दगड. दहा दिवस त्यालाच मेलेला माणूस समजायचं, त्याला पाणी द्यायचं, आणि दहाव्या दिवशी नदीत सोडून मोकळं व्हायचं. दहाव्याला पुंजाजीनं नदीत सोडला तो वाटेत उचललेला दुसराच. खरा त्याच्या कमरेला बांधलेला होता. कडूबाच्या बायकोनं, तानुबाईनं, ते ओळखलं. भासऱ्याशी, नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, समोरासमोर बोलायची रीत नाही, म्हणून ती चुलीकडं तोंड करून बोलली, की कोणी ऐकत असंल तर ऐका, त्याले पानी द्या, तो तहानला हाय, भांडन मंग करा. पुंजाजी ताटावरून उठून गेला.

त्याचं भांडण साधं होतं. पंजाबरावच्या मळ्यात मोहाच्या दारूची भट्टी होती आणि कडूबा तिथं कामाला होता, पगार अर्धा आणि दारू अर्धी. मोहाची फुलं सडवायला जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेला रांजण होता, एक माणूस उभा मावेल एवढा, वर सागाच्या फळीचं झाकण. पोलीस आले तेव्हा पंजाबरावनं कडूबाला, तो बोलून जाईल म्हणून, त्या रांजणात उतरवलं आणि झाकण लावून वर बसला. सडव्याची वाफ माणसाला किती वेळ जगू देते ते भट्टीवाल्यांना ठाऊक असतं. संध्याकाळी कडूबा नाल्यात सापडला. पिऊन पडला, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

पण अंघोळ पुंजाजीनं घातली होती. भावाच्या केसांना मोहाचा वास होता आणि दोन्ही हातांच्या बोटांच्या पेरांवर कातडं नव्हतं. नाल्यात पडलेला माणूस कशावर एवढा ठोकेल? दोन महिन्यांनी गफ्फारनं, जो त्या दिवशी कल्हई करायला मळ्यात होता, सगळं सांगितलं आणि लगेच हात जोडले, की साक्षीला मले बोलावू नका, काका.

पुंजाजीला साक्ष नको होती. दुसरी बुक शिकलेल्या माणसाला कोर्ट काय समजणार. त्याला एवढंच पाहिजे होतं की पंजाबरावनं त्या जीवखड्यावर हात ठेवून म्हणावं, मी झाकणावर बसलो. समुद्राच्या काठावर, सगळ्यांसमोर. मग कडूबाला पाण्यात सोडायचं. तोवर तहानलेला राहू दे. तहानलेला माणूस चिडतो, आणि चिडलेला पाहिजेच होता.

३

बुलढाण्याचा घाट चढेपर्यंत गोटा तीनदा बाकावरून पडला आणि तिसऱ्यांदा गफ्फारच्या अंगठ्यावर पडला. गफ्फारनं बाकाची फळी उचलली. खाली हत्यारांची पेटी होती, जॅक, पान्हे, दोरी. त्यानं चौथ्याला तिथं ठेवून दिलं आणि फळी बंद केली. पंजाबराव म्हणाला, आराम कर लेका, आणि वर बसला.

थोड्या वेळानं ठोका ऐकू येऊ लागला. टक, टक. खड्डा आला की गोटा पेटीच्या लाकडावर आपटणार, हे पुंजाजीलाही कळत होतं. रस्ता खराब, गोटा गोल. त्यानं त्यावर डोकं चालवायचं कारण नव्हतं.

जालन्याच्या अलीकडं ड्रायव्हर अन्वरनं चाक बघायला मोटार थांबवली. इंजिन बंद. माणसं खाली उतरून बिड्या ओढत होती. मागच्या बाकावर तिघंच होते, आणि पेटीतून टक, टक चाललं होतं. घाई नव्हती त्या आवाजात. शेजारचा शेजाऱ्याचं दार वाजवतो तसा.

गफ्फार म्हणाला, "उंदीर असंल."

पंजाबरावनं मान हलवली. मग त्यानं धोतर जरा वर उचललं आणि फळीवर हात फिरवला. हात ओला झाला. अन्वरनं पाण्याचा डबा सांडला असेल असं तो म्हणाला, अन्वरला शिव्या दिल्या, आणि हात नाकापाशी नेला. पुढं कोल्हापूरपर्यंत तो हात धोतराला पुसत राहिला. पुंजाजीला वास यायला हाताची गरज नव्हती. चैत्र होता, जालन्याच्या उजाड माळावर मोटार उभी होती, आसपास झाड नव्हतं, आणि मोटारीत मोहाचा सडवा आंबत होता.

पुंजाजीला भीती वाटली का? वाटली. पण भीतीच्या खाली दुसरं काहीतरी गोड लागत होतं, आणि तो ते चघळत राहिला.

४

चौथ्या दिवशी ते गोव्यातल्या समुद्रकाठच्या एका गावात होते. लाल माती, माडाची झाडं, टेकडीवर काजू. तीसच्या तीस बागायतदार दहा वाजताच अभ्यासाला बसले. गावातल्या म्हाताऱ्या किरिस्ताव बाईचं दुकान होतं, कौलारू, आत लाकडी बाकडी. पंजाबरावला दोन दिवसांत झोप नव्हती. त्यानं कोपऱ्यातलं टेबल घेतलं आणि द्राक्षाची तांबडी वाईन मागवली. गफ्फारनं सोडा सांगितला. पुंजाजीनं काहीच नाही. तो आयुष्यात प्यायला नव्हता आणि पिणाऱ्याला माणूस समजत नव्हता.

बाईनं चार पेले आणले आणि चारही भरले. गफ्फारनं तीन बोटं दाखवली. हम तीन हैं, माई.

बाईनं बाकड्याच्या रिकाम्या टोकाकडं हनुवटी केली. "आनी तो? भिजला मरे तो. ताका तुवालो जाय?"

तिनं खांद्यावरचा टॉवेल पुढं केला, कोणी घेतला नाही, आणि ती दुसऱ्या टेबलाकडं गेली. गफ्फार हसायला गेला आणि राहिला. पंजाबराव त्या रिकाम्या टोकाकडं बघत नव्हता. तो मुद्दाम बघत नव्हता, हे पुंजाजीला दिसत होतं. गोटा मोटारीत आहे, पेटी बंद आहे, बाई म्हातारी आहे, डोळ्यावर पडदा आला असेल. पुंजाजीनं एकेक कारण मनात मांडलं आणि प्रत्येक कारण खरं होतं.

मग गफ्फारचं एकदम लक्ष गेलं. चौथा पेला अर्धा झाला होता. पंजाबरावनं ओढला असेल, असं तो म्हणाला. पंजाबराव म्हणाला, मी हात लावला नाही. ते बोलत होते तोवर पेला रिकामा झाला, आणि तळाशी एक मोहाचं फूल राहिलं, सडून तपकिरी झालेलं.

पुंजाजीनं ते बोटानं काढलं आणि पंजाबरावसमोर टेबलावर ठेवलं.

"वळखता?"

पंजाबरावच्या कपाळावरून घाम नाकावर आला तरी तो पुसेना. आज बोलेल, पुंजाजीला वाटलं. आज बोललाच पाहिजे. तो तसाच उठून मोटारीकडं गेला, जीवखडा काढून आणावा म्हणून. पेटीची फळी ओलीनं फुगली होती. त्यानं खिळ्यानं उचकटायचा प्रयत्न केला, अन्वरनंही जोर लावला. ती हलली नाही.

५

जेवणानंतर त्या गावात माणूस दिसत नाही. सगळे दुपारी झोपतात, कुत्रीसुद्धा. दारू गाळणाऱ्यानं तिघांना आपली झोपडी दाखवली, तांब्याचं भांडं दाखवलं, कोपऱ्यात जमिनीत पुरलेले सात रांजण दाखवले. काजूचा रस आत आंबतो, फसफसतो, कधी कधी झाकण हलतं, घाबरायचं नाही, असं हातवारे करून सांगितलं आणि तोही झोपायला गेला. गफ्फार भांड्याचं माप घ्यायला आपल्या पिशवीतली सुतळी आणायला म्हणून मोटारीकडं गेला. आत दोघंच उरले.

झावळ्यांच्या भिंतीतून उन्हाचे कवडसे पडले होते. माश्या घोंगावत होत्या. पाचव्या रांजणाचं झाकण हललं.

रस फसफसतो, पुंजाजीनं मनात म्हटलं. झाकण पुन्हा हललं, आणि आतून टक, टक असा आवाज आला.

पंजाबराव चालत गेला. पुंजाजीला वाटलं तो पळेल. तो उलट गेला, धोतर सावरलं आणि त्या झाकणावर बसला. ज्या सवयीनं माणूस आपल्या ओट्यावर बसतो त्या सवयीनं. बसल्यावर त्यानं खाली वाकून, हळू आवाजात, झाकणाशी बोलावं तसं म्हटलं,

"थांब बे. अजून हायेत ते."

दोन महिने पुंजाजीनं ही कबुली कधी कशी निघेल याचा विचार केला होता, आणि ती अशी, कोणी न विचारता निघाली.

मग पंजाबराव बोलतच राहिला. दीड तास बसलो होतो म्हणाला. फौजदारानं चहा मागितला, तो मळ्यातूनच आणवला, आणि मी बसल्या जागेवरून त्याच्या पोरीच्या लग्नाची चौकशी करत होतो. खालून ठोकणं चाललं होतं. फौजदाराला ऐकू येऊ नये म्हणून मी पायानं ताल धरला. मग ठोकणं थांबलं आणि मला बरं वाटलं. फौजदार गेला तरी मी उठलो नाही. उघडून बघायची छाती नव्हती.

"मंग आता बसा," पुंजाजी म्हणाला.

पंजाबरावनं त्याच्याकडं बघितलं. त्याचे डोळे लाल होते, पण आवाज शांत होता.

"मी बसलो, हे कबूल. पन हा खालून एकच गोष्ट पुसून राह्यला, पुंजाजीभाऊ. पोलीस कोनं आनले?"

पुंजाजी दोन पावलं दाराकडं सरकला.

पोलीस त्यानंच आणले होते. भावाच्या पिण्याला कंटाळून तो स्वतः ठाण्यात गेला होता आणि सोमवारची दुपार सांगून आला होता. सोमवारी सोनाळ्याचा बाजार. कडूबा बाजारात असेल, भट्टी जप्त होईल, पिणं सुटेल. त्या सोमवारी कडूबाच्या बैलाच्या खुरात काटा मोडला आणि तो बाजाराला न जाता भट्टीवर गेला. हे त्यानं कोणालाच सांगितलं नव्हतं, तानुबाईलाही नाही, आणि जीवखड्याला तर अजिबात नाही.

तो जायला वळला आणि दारातून एकदा मागं बघितलं. झाकण आणि रांजणाची कड यांच्या फटीतून चार बोटं बाहेर आली होती. ती लाकूड चाचपत होती, अंधारात माणूस कडी चाचपतो तशी. पेरांवर कातडं नव्हतं.

६

परत आलेल्या गफ्फारनं पंजाबरावला दंडाला धरून उठवलं. उठल्याबरोबर पंजाबराव उन्हातून धावत सुटला तो थेट मोटारीत, मागच्या बाकावर, पेटीच्या फळीवर. तिथून तो मग उठला नाही.

दुसऱ्या दिवशी मोटार समुद्रावर नेली. आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघणारी मोठमोठी माणसं धोतरं खोचून पाण्यात शिरली, एकमेकांवर पाणी उडवू लागली, कोणीतरी शिंपले गोळा करू लागला. पंजाबराव बाकावर बसून होता. एवढी ढोसली की उतरायची शुद्ध नाही, असं म्हणून लोक हसत होते. पुंजाजी घोट्याएवढ्या पाण्यात उभा राहिला.

गफ्फार त्याच्यापाशी आला. त्याला आता सगळं कळलं होतं, गोटा कोणता तेही. तो लाटांकडं बघत म्हणाला, "काका, तो गोटा त्या पेटीत काऊन ठेवता. मालकाले उठवा, मी फळी फोडून देतो. पानी समोर हाय. सोडा त्याले."

"बसू दे अजून त्याले."

"मी मालकाचं नाई म्हनत. तुमच्या भावाचं म्हनतो."

पुंजाजीनं ऐकलं आणि पाण्यातून बाहेर आला. समुद्र काय, पुन्हाही बघता आला असता. पंजाबरावला असं बसलेलं बघायला मिळणार नव्हतं. बोलला होता तो, पण तीसजणांसमोर नाही. तीसजणांसमोर त्यानं घामानं आणि भीतीनं सडून जावं, एवढं पुंजाजीला आता हवं होतं.

परतीचे तीन दिवस पुंजाजीनं त्याच्या समोर बसून काढले. पंजाबराव तिथंच जेवला, तिथंच बसल्या बसल्या डुलकला. त्याचं धोतर खालून ओलं होतं आणि ते पाणी कुठलं ते कोणी विचारलं नाही. खालून ठोका पडला की तो पायानं ताल धरायचा. रस्ता सपाट असो की खड्ड्याचा, ठोका तोच. पुण्याच्या पुढं त्याच्या तोंडाची रया गेली, गाल आत बसले. पुंजाजी त्याला पाणी द्यायचा तेव्हा मुद्दाम एक घोट कमी द्यायचा.

७

बुलढाणा मागं टाकून मोटार घाट उतरली आणि रोहिणखेडच्या फाट्यावर इंजिन तापलं. भर दुपार. अन्वर डबा घेऊन विहिरीवर गेला. माणसं लिंबाखाली पांगली. गफ्फारची बहीण बानो रोहिणखेडात दिली होती. तो पिशवी घेऊन उतरला, पुंजाजीचा हात दोन्ही हातांत धरून दाबला, आणि पायवाटेनं मशिदीच्या दिशेनं चालू लागला.

मोटारीत दोघं राहिले.

पंजाबराव म्हणाला, "पुंजाजीभाऊ, माझ्यानं आता होत नाई. दोन मिनिटं बसा इथं. लघवीले जाऊन येतो."

पुंजाजी हलला नाही.

"उठलो की झाकन निंघते. अन् तो मले कधीच हाक मारत नाई," पंजाबराव म्हणाला. "चार महिने झाले, मळ्यातल्या रांजणातूनबी तेच. तुमालेच मारते. ऐका तरी एकदा."

पुंजाजी का उठला? सूड पुरा झाला नव्हता, माणूस अजून जिवंत होता. पण भावाचा आवाज ऐकून चार महिने झाले होते. पंजाबराव इंचाइंचानं सरकला, पुंजाजी इंचाइंचानं बसला, दोघांनी मिळून एखादं भरलेलं भांडं हातोहात द्यावं तसं. फळी गार होती. पंजाबराव खाली उतरला, लिंबाखालच्या माणसांच्या बाजूनं गेला नाही, सरळ वावरात शिरला. आधी चालत होता. बांध ओलांडल्यावर पळू लागला, आणि मग तुराट्यांच्या गंजीमागं दिसेनासा झाला.

पुंजाजीनं थांबवायला तोंड उघडलं, तेवढ्यात खालून आवाज आला.

"दादा."

कडूबाच. पिऊन आल्यावर दाराबाहेर उभा राहून मारायचा ती हाक, जरा लाजलेली.

"दादा, गेले का ते?"

गेले म्हटलं तर तो वर येणार. नाही म्हटलं तर आणखी बसायचं, पंजाबरावसारखं, पायानं ताल धरत. पुंजाजीनं खिडकीच्या गजाला धरलं. बाहेर कोणीतरी विनोद सांगत होतं आणि बाकीचे हसत होते. त्याला आठ दिवस जे दुसऱ्याकडून वदवायचं होतं ते आता त्याचं त्यालाच बोलायचं होतं.

"मीच बोलावले होते रे ते," तो म्हणाला. "तू बाजारात असशील असं वाटलं मले."

खालचा ठोका थांबला.

फळी हलली नाही, झाकण उघडलं नाही. पुंजाजीनं गज सोडला. मग त्याच्या शेजारी, जिथं गफ्फार बसायचा तिथं, बाक कोणाच्या तरी वजनानं खचलं. मोहाचा वास आला. पाणी टपटप मोटारीच्या पत्र्यावर पडू लागलं. पुंजाजीनं तिकडं मान वळवली नाही. डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याला फक्त एक गुडघा दिसला, आणि त्याला चिकटलेलं ओलं धोतर.

एक थंड हात त्याच्या हातावर आला. त्यानं पुंजाजीची बोटं एकेक करून आत वळवली, मूठ केली, मनगट घट्ट धरलं, आणि ती मूठ बाकाच्या फळीवर ठोकू लागला, सावकाश, कातडं निघेपर्यंत वेळ आहे अशा बेतानं.